कॅमेऱ्याचं वेळापत्रक कोण ठरवतं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांचं आयुष्य चित्रकला शिकवण्यात गेलं. तेव्हा माझ्याकडून रंगरेषांवर, फार तर सौंदर्यशास्त्रावर काही ऐकायला मिळेल अशी आयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला तेव्हा फोनवर जरा वेळ कुणी बोलेना. मग विचारणा झाली, "विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे, ते जीएस वगैरे?" म्हटलं, हो, तेच. फक्त कलाशाळेतले, आणि पदवी घेऊन पुढे शिकायला आलेले. आयोजक सभ्य माणसं आहेत. त्यांनी पत्रिका छापली.

लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या पुणेकराच्या मनात एफटीआयआय या चित्रपट संस्थेची दोन चित्रं असतात. एक, तिथे शिकून मोठ्या झालेल्या नटनट्यांचं. दुसरं, फाटकावर लावलेल्या फलकांचं. दुसऱ्या चित्राबद्दल आपलं मत ठरलेलं असतं: करदात्याच्या पैशावर शिकायचं आणि वर संप करायचा! ही मुलं संप का करतात, यापेक्षा ती अभ्यास कधी करतात, हा प्रश्न आपल्याला जास्त आवडतो. मला आज उलट्या बाजूने सुरुवात करायची आहे. त्या आवारात अभ्यास म्हणजे नेमकं काय असतं, ते आधी पाहू. संपाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तिथे प्रवेशाला पदवी लागते. म्हणजे आत येणारा मुलगा किंवा मुलगी बाविशीच्या पुढची. कुणी वकिली सोडून आलेली, कुणी अभियांत्रिकी करून, कुणी दोन-चार वर्षं नोकरी करून. यांना 'मुलं' म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि आजच्या भाषणात मीही ती सोडणार नाही. पण ध्यानात ठेवा, इतर क्षेत्रांत याच वयाची माणसं बँकेची शाखा सांभाळतात.

ही मंडळी एकेकटी शिकत नाहीत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला निदान त्याचा कॅनव्हास त्याचा असतो. चित्रपटात दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन या विभागांतला एकेक विद्यार्थी घेऊन गट बनतो आणि त्यांची पदविका एकाच फिल्मवर ठरते. फिल्मला पटकथेची मंजुरी हवी, चित्रीकरणाचा फ्लोअर रिकामा हवा, कॅमेरा आणि दिवे त्याच तारखांना मोकळे हवेत, पुढे संकलनाची खोली हवी आणि या सगळ्यात मार्गदर्शन करणारा शिक्षक जागेवर हवा. यातली एक तारीख हुकली की मागच्या बॅचच्या तारखा सरकतात, त्यांच्यामागे पुढच्या. तीन वर्षांचा अभ्यासक्रम अशा रीतीने पाच आणि सहा वर्षं चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वसतिगृहाची खोली सोडवत नाही म्हणून राहिले आहेत.

आता माझा मुद्दा सांगतो. विद्यापीठात ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह या सोयी असतात आणि अभ्यासक्रम वेगळा असतो. कलाशाळेत, विशेषतः चित्रपटाच्या शाळेत, सोयींचं वाटप हाच अभ्यासक्रम असतो. कॅमेरा कुणाला किती दिवस मिळणार, हा कारकुनी प्रश्न दिसतो खरा. पण कोण काय शिकणार याचं उत्तर त्यातच असतं. म्हणून हे वेळापत्रक ठरतं त्या टेबलाशी विद्यार्थ्याचा माणूस बसला पाहिजे. तो तिथे नसेल तर एक दिवस फाटकावर फलक लागतो, आणि त्या फलकावर मात्र वेळापत्रकाचा उल्लेख नसतो.

2015 साल आठवा. जूनमध्ये केंद्र सरकारने गजेंद्र चौहान यांना संस्थेचं अध्यक्षपद दिलं. 'महाभारत' मालिकेतले युधिष्ठिर म्हणून आपण त्यांना ओळखत होतो. 12 जूनला विद्यार्थ्यांनी संप पुकारला. श्याम बेनेगल, अदूर गोपालकृष्णन, सईद मिर्झा अशी माणसं ज्या खुर्चीत बसून गेली तिथे निवडीचा निकष काय लावला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. संस्थेच्या सोसायटीवर नेमलेल्या आणखी काही सदस्यांवरही त्यांचा आक्षेप होता. जाह्नू बरुआ, संतोष सिवन आणि पल्लवी जोशी यांनी सोसायटीवर राहण्यास नकार दिला. दिल्लीत चर्चेच्या फेऱ्या झाल्या, आवारात उपोषण झालं. 139 दिवसांनी, 28 ऑक्टोबरला, विद्यार्थ्यांनी संप मागे घेतला; त्याच दिवशी आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी आणि इतर काही चित्रपटकर्त्यांनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले. मागणी मात्र मान्य झाली नाही. जानेवारी 2016 मध्ये चौहान पोलीस बंदोबस्तात आवारात आले, पदभार घेतला आणि मार्च 2017 पर्यंत मुदत पूर्ण केली. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, वाहिन्यांनी तो पुरेसा दाखवला.

मला त्यातल्या ऑगस्टबद्दल बोलायचं आहे. त्या संपात पोलीस मध्यरात्री आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना घेऊन गेले, ते अध्यक्षांच्या नेमणुकीवरून नव्हे. 2008 च्या बॅचच्या पदविका फिल्म 2015 उजाडला तरी अपूर्ण होत्या. नुकताच कार्यभार घेतलेल्या संचालकांनी ठरवलं की फिल्म ज्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत त्यांचं मूल्यमापन करून टाकायचं. प्रशासनाच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे: सात वर्षं झाली, कुठेतरी रेघ मारलीच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहा: मिश्रण न झालेल्या ध्वनीचे गुण ध्वनीच्या विद्यार्थ्याला द्यायचे, अर्धवट जोडलेल्या दृश्यांचे संकलकाला, आणि उशिराचं खापर फक्त त्यांच्यावर, शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा, मोडक्या यंत्रांचा, तुंबलेल्या फ्लोअरचा कुठे उल्लेख नाही. 17 ऑगस्टला त्यांनी संचालकांना त्यांच्याच कार्यालयात घेराव घातला. पुढच्या रात्री अटका झाल्या. पुढे 35 जणांवर खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालला.

घेराव मला मान्य नाही, हे इथेच सांगून टाकतो. कोंडलेल्या माणसाशी चर्चा होत नसते. पण फिल्मच्या मूल्यमापनासारखा निव्वळ शैक्षणिक निर्णय घेराव आणि मध्यरात्रीच्या अटकेपर्यंत पोचतो, तेव्हा मधल्या पायऱ्या कुठे होत्या असं विचारायला हवं. 2008 च्या बॅचचा उशीर एका रात्रीत झाला नव्हता. दर सहामाहीला त्यावर बैठक झाली असती, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी, विभागप्रमुख आणि कॅमेरा विभागाचा भांडारपाल एका टेबलाशी बसले असते, इतिवृत्त लिहिलं गेलं असतं, तर उशिराचा हिशेब कागदावर असता. कुणामुळे किती दिवस गेले, ते वाचून दाखवता आलं असतं. घेरावाची वेळ आली नसती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण भांडण आकड्यांवर झालं असतं.

इतिवृत्त हा शब्द ऐकून मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिलेली दिसली. देऊ द्या. मी ज्या कलामहाविद्यालयात शिकवत होतो तिथे विद्यार्थी प्रतिनिधीला बैठकीचं रीतसर निमंत्रण जायचं. तो यायचा, चहा घ्यायचा, वसतिगृहाच्या पाण्याबद्दल बोलायचा, आणि परीक्षा व अंतर्गत गुणांचा विषय निघाला की प्राचार्य प्रेमाने म्हणायचे, "बाळ, तू आता आलास तरी चालेल." इतिवृत्तात त्याची उपस्थिती नोंदली जायची. कागदोपत्री पाहिलं तर आमच्याकडचं प्रतिनिधित्व निर्दोष होतं.

यावर कुणी म्हणेल, नियम कुठे कमी आहेत? आहेत ना. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्वीकारल्या, त्या देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांना लागू आहेत. पैसा आणि मनगटशाही यांना आळा घालण्यासाठी त्या केल्या, हेतू चांगलाच होता. त्यात पदव्युत्तर उमेदवाराची वयोमर्यादा 24 ते 25 आहे, एकही विषय मागे राहिलेला नसावा अशी अट आहे, आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. आता ही मापं कलाशाळेला लावून पाहा. नोकरी सोडून सव्विसाव्या वर्षी आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी बाद. ज्याची फिल्म रखडली आहे, म्हणजे ज्याला तक्रार करायचं सर्वांत सबळ कारण आहे, तो अपूर्ण अभ्यासक्रमाच्या मुद्द्यावर बाद ठरू शकतो. उरतो तो, ज्याचं सगळं वेळेवर झालं. त्याला बोलायचं काय असणार?

महाराष्ट्राने तर आणखी सोपा उपाय काढला. 1989 मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे निवडणुका थांबल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. जो वर्गात पहिला, तो वर्गाचा आवाज! गणिताच्या वर्गात निदान पहिला कोण ते कळतं. शिल्पकलेच्या वर्गात पहिला येणारा बहुधा परीक्षकांच्या आवडीच्या शैलीत काम करणारा असतो, आणि प्रतिनिधीची गरज नेमकी दुसऱ्यांना असते. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण मधल्या काळात मतपत्रिका न पाहता पदव्या घेऊन बाहेर पडलेली एक अख्खी पिढी आपल्या घराघरांत आहे. त्यात आपले कलाशिक्षकही आले.

एफटीआयआय या कायद्यांच्याही बाहेर राहिली. 1960 मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली, 1974 मध्ये तिची नोंदणीकृत सोसायटी झाली, आणि ती शिक्षण खात्याकडे नसून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे. ज्या खात्याचं मुख्य काम सरकारची बाजू लोकांपर्यंत पोचवणं, त्याच्याकडे चित्रपट शिकवणारी शाळा! हा गुंता समजला की अध्यक्षपदाची भांडणं का होतात ते कळतं. तरीही त्या आवारात विद्यार्थ्यांनी स्वतःची पद्धत टिकवून ठेवली. विद्यार्थी संघटना आहे, आणि तिच्या मागे सर्वसाधारण सभा, तिथल्या भाषेत जीबीएम. त्या तासन्‌तास चालतात, बाहेरच्याला वेड लागेल अशा. पण प्रतिनिधी वाटाघाटीला बसतो तेव्हा 'मला सभेला विचारावं लागेल' एवढं म्हणण्याची ताकद त्याला तिथून मिळते. समोरच्या अधिकाऱ्याला याचाच सर्वांत राग येतो.

विद्यार्थी एका बाजूला आणि व्यवस्था दुसऱ्या बाजूला, असं सरळ चित्र मात्र मी काढणार नाही. सत्तरच्या दशकातला एक प्रसंग सांगतो, नसीरुद्दीन शाह यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आहे. गिरीश कार्नाड तेव्हा संस्थेचे संचालक होते, वय पस्तिशीच्या पुढे थोडंसंच. अभिनयाच्या विद्यार्थ्यांची तक्रार होती की दिग्दर्शनाचे विद्यार्थी आपल्या फिल्ममध्ये त्यांना घेत नाहीत, नट बाहेरून आणतात. मग नट शिकणार कशावर? संप झाला, आणि त्याच्या अग्रभागी नसीरुद्दीन होते. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं असं की भूमिकेला नट निवडणं हा दिग्दर्शकाचा अधिकार, तोच काढून घेतला तर आम्ही काय शिकणार? दोघंही बरोबर. दोघंही विद्यार्थी. अशा वेळी विद्यार्थी संघटना कुणाची? ज्यांच्या हातात निवडीचा अधिकार त्यांची, की ज्यांची निवड होत नाही त्यांची? कलाशाळेत विद्यार्थ्याविद्यार्थ्यांमध्येच मालक आणि मजूर असे थर असतात, हे संघटनांच्या घोषणांमध्ये कधी येत नाही. पुढे 1976 मध्ये अभिनयाचा अभ्यासक्रमच बंद झाला आणि सुमारे तीन दशकं बंद राहिला. या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणभाव जोडायचं धाडस मी करणार नाही. पण अल्पसंख्य विभागाचं गाऱ्हाणं लांबलं की विभागच गुंडाळणं प्रशासनाला सोपं वाटतं, एवढं अनुभवावरून सांगतो.

त्या गोष्टीचा उत्तरार्ध मला फार आवडतो. श्याम बेनेगल 'निशांत'ची जुळवाजुळव करत होते, तेव्हा कार्नाडांनी त्यांना नाव सुचवलं ते आपल्याविरुद्ध संप करणाऱ्या या पोराचं. संचालकपदाचा राग बाजूला ठेवून नटाचा दर्जा पाहायला मोठं मन लागतं. आपल्याकडे संपात पुढे असलेल्या मुलाचं शिफारसपत्र कपाटातच पिवळं पडतं.

परदेशातलं एकच उदाहरण घेतो, कारण ते आपल्या विषयाला नेमकं लागू पडतं. लंडनच्या उत्तर भागात हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्ट होतं. 28 मे 1968 ला तिथल्या विद्यार्थ्यांनी इमारतीचा ताबा घेतला. पॅरिस तेव्हा पेटलेलं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं हेही क्रांतीचंच. मूळ मागण्या होत्या त्या अशा: विद्यार्थी संघाच्या निधीवर संघाचा ताबा असावा, आणि अध्यक्षाला काम करण्यासाठी एक वर्ष अभ्यासातून रजा मिळावी. किती साध्या! एका दिवसाचा ठरलेला ठिय्या सहा आठवडे चालला. विद्यार्थ्यांनी उपाहारगृह स्वतः चालवलं, शिक्षकांबरोबर रात्ररात्र बसून कलाशिक्षणाची रचना कशी असावी यावर कागदपत्रं तयार केली, छापली, वाटली. शेवटी स्थानिक प्रशासनाने पहारेकरी आणि कुत्री आणून इमारत परत घेतली. बऱ्याच अर्धवेळ शिक्षकांना पुन्हा बोलावलं नाही. काही वर्षांनी ते कॉलेज मिडलसेक्स पॉलिटेक्निकमध्ये विलीन झालं.

मला त्यातली वर्षभराच्या रजेची मागणी महत्त्वाची वाटते. त्या मुलांना एक गोष्ट कळली होती: कलाशाळेत नेतृत्वाची किंमत वेळेत मोजावी लागते. वाणिज्य शाखेचा जीएस निवडणुकीनंतरही गाइड वाचून पास होतो. इथे बैठकीत गेलेली दुपार परत मिळत नाही. मॉडेल उठून गेलेलं असतं, फ्लोअर दुसऱ्या गटाला गेलेला असतो. जो सगळ्यांच्या फिल्मसाठी भांडतो त्याचीच फिल्म मागे राहते, आणि मग 'हा अभ्यास सोडून पुढारपण करतो' असा शेरा त्याच्या फाइलवर चढतो. प्रतिनिधीचे बैठकांचे तास अभ्यासक्रमात धरावेत, ही मागणी आपल्याकडे अजून कुणी गंभीरपणे केलेली मी ऐकलेली नाही.

2015 च्या संपातल्या विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, तेव्हा समाजमाध्यमांवर 'बघा, आम्ही म्हणत होतो ना' असा जल्लोष झाला. 2015 चा तो खटला तेव्हाही त्यांच्यावर चालूच होता. पारितोषिकाचा आनंद मलाही झाला. पण हा युक्तिवाद मला पटत नाही. उद्या त्यांना पारितोषिक मिळालं नसतं तर संप चुकीचा ठरला असता का? त्या आरोपपत्रातल्या बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांतल्या कुणाची फिल्म पुरी झाली, कुणाची नाही, तेही आपण विचारत नाही. प्रतिनिधित्वाचा हक्क प्रतिभेवर अवलंबून ठेवला की आपण पुन्हा 'वर्गात पहिला' याच नियमावर येऊन पोचतो.

आणि जिथे प्रतिनिधीच नसतो तिथे काय होतं, त्यासाठी बडोद्याला जावं लागेल. मे 2007 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात पदव्युत्तर परीक्षेसाठी मांडलेल्या मुद्राचित्रांवरून बाहेरचे लोक आत घुसले आणि त्या विद्यार्थ्याला अटक झाली. परीक्षेसाठी लावलेलं काम, म्हणजे एक प्रकारे उत्तरपत्रिकाच. निषेध म्हणून इतर विद्यार्थ्यांनी विभागाच्या संग्रहातून भारतीय कलेतल्या शृंगारिक परंपरेच्या प्रतिमा काढून प्रदर्शन मांडलं. ते बंद करायला नकार दिला म्हणून प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. विद्यार्थ्यांनी केलेलं ते प्रदर्शन मला आजही आपल्या कलाशाळांमधलं सर्वांत नेमकं निवेदन वाटतं, घोषणा एकही नाही. पण ज्याच्यासाठी ते केलं त्याला पदवी मिळाली नाही. वर्षानुवर्षं अर्ज करून झाले, आणि 2018 मध्ये त्याने कुलगुरूंच्या कार्यालयात आग लावली. त्याचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. अकरा वर्षं त्याचा अर्ज कोणत्या टेबलावर होता, आणि त्या टेबलाशी त्याच्या बाजूने बोलणारं कोण होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

विद्यार्थ्याला असं एकटं पाडणं नवं नाही. गोव्याचे चित्रकार सुझा यांना 1945 मध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून काढलं ते भारत छोडो चळवळीतल्या सहभागापायी. त्या काळी राज्य परक्यांचं होतं, असं म्हणून आपण सुटतो. 2007 ला ती सोय नाही.

हे सगळं आत्ताच बोलायचं कारण आहे. जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था यांना तो 2025 मध्ये मिळाला. म्हणजे जे.जे.चा मुंबई विद्यापीठाशी असलेला धागा सुटतो, आणि राज्याच्या कायद्यातली विद्यार्थी परिषद तिथे आपोआप येत नाही. एफटीआयआयलाही आपले शैक्षणिक नियम नव्याने बसवावे लागतील. विद्वत परिषदेवर कोण, अभ्यास मंडळावर कोण, मूल्यमापनाच्या तक्रारी ऐकणार कोण, हे या काळात ठरणार आहे. नियम लिहिले जातात तेव्हा बातमी होत नाही. ते एकदा लिहून झाले की पुढची वीस वर्षं कुणी उघडत नाही.

या सभागृहात जे.जे. आणि एफटीआयआय या दोन्ही संस्थांचे माजी विद्यार्थी बसलेले मला दिसताहेत, काही तर मंडळांवर सदस्यही आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीला जाल तेव्हा अध्यक्षपदी कोण येणार याची चर्चा चहाच्या वेळेला करा. विषयपत्रिकेत मात्र हे घाला: प्रत्येक विभागातून निवडून आलेला एक विद्यार्थी, अभिनयासारख्या लहान विभागांतूनही, वयाची अट नको, रखडलेल्याला बंदी नको, परीक्षेचा विषय निघाला की त्याला बाहेर पाठवायचं नाही, आणि फ्लोअर, कॅमेरा, भट्टी, छापयंत्र यांच्या तारखांचं इतिवृत्त ग्रंथालयात, कुणालाही वाचता येईल असं. भांडारपालाला त्या बैठकीत बोलवायला विसरू नका, कारण कोणती लेन्स कुठे आहे ते त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नसतं.